न्यागुथीचं सभासदत्व

किबोईनं तिवई पुढे सरकवली, पण न्यागुथी बसली नाही. गोऱ्यांची चाकरी केलेल्या होमगार्डच्या दारात बसायचं नाही, हे इरुरी टेकडीवरच्या माणसांनी जन्मभर पाळलं होतं. चहाच्या मळ्यातून चढून आल्यानं तिला धाप लागली होती. अंगणात उभ्या उभ्याच तिनं कामाचं काढलं.

लढ्याच्या काळात किबोई गोऱ्यांच्या ठाण्यावर पहारा करायचा. जंगलातल्या लढवय्यांना उकडलेला मका आणि काडतुसं पोचवताना न्यागुथी पकडली गेली, तेव्हा तिला त्याच ठाण्यात आणलं होतं. ती कमरेत मोडून बाहेर पडली, पण जिवंत. आणि ती सुटली त्याच सकाळी शिपायांनी बांबूच्या रानातली लढवय्यांची गुहा घेरली, आतली सगळी माणसं मारली. प्रेतं कुठल्या खड्ड्यात लोटली, ते कुणाला कळलं नाही. न्यागुथीनं तोंड उघडलं, हे मात्र टेकडीवर ठरलं ते ठरलंच. तिला कुणी मागणी घातली नाही. बाया तिच्या हातची लापशी घेईनात.

जवळचा उरला तो भाऊ, गाथोगो. गुहेत मेलेल्यांसाठी संघटना काढली तीही त्यानंच. माऊमाऊचं, म्हणजे त्या लढ्याचं, नाव घ्यायला बंदी होती, म्हणून संघटनेला मयताची मंडळी म्हणायचे. चारचौघांत प्रेतं उचलायची आणि दार लोटून घेतलं की खरं बोलायचं: गुहेतल्या माणसांची हाडं शोधायची, नावानिशी पुरायची, ज्या गोऱ्या सरकारनं मारलं त्याला कोर्टात उभं करायचं. गाथोगोनं त्या माणसांच्या विधवांची शेतं खणून दिली, पोरं शाळेत घातली. बहिणीला तेवढं सभासद करून घेतलं नाही. थांब, लोक विसरतील, असं म्हणायचा. पुढे बंदी उठली. संघटनेच्या दारावर पाटी लागली. गाथोगो वारला. लोक काही विसरले नाहीत.

आता त्या सरकारवरच्या खटल्यासाठी लंडनचे वकील जबान्या घ्यायला येणार होते. न्यागुथीला त्यांच्याकडून काही नको होतं. मरायच्या आधी एकदा बाकीच्यांबरोबर संघटनेच्या बाकावर बसायचं होतं. अध्यक्ष न्दिरांगूनं तिला सांगितलं होतं, तू बोलली नाहीस म्हणणारा साक्षीदार आण, मग बघू. ठाण्यावरच्यांपैकी किबोई तेवढा जिवंत होता, आणि तोही पोटाच्या दुखण्यानं वाळून गेला होता.

किबोईनं ऐकून घेतलं. शनिवारी सभेला येतो म्हणाला. आपल्या मयताला टेकडीवरचं कुत्रंही येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. निदान एक गोष्ट खरी सांगून जावी, असं त्याच्या मनात कधीचं होतं.

"तू बोलली नाहीस," तो म्हणाला. "मी होतो तिथं."

"मग कोण बोललं?"

किबोई शेळ्यांना पाला टाकायला वळला. तिनं पुन्हा विचारलं.

"गाथोगो. पहाटे फाटकाशी आला होता. माझ्या बहिणीला सोडा, गुहा दाखवतो म्हणाला."

न्यागुथी तिवईवर बसली.

शनिवारपर्यंत तिनं भावाला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. तो तिच्या चुलीपाशी बसून जेवायचा. बाया तिला बघून वाट बदलायच्या, ते त्याच्या डोळ्यांदेखत. सगळं माहीत असून तिला थांब म्हणायचा. त्याला पुरलं तेव्हा सगळी टेकडी गात होती, आणि ती, सख्खी बहीण, कुंपणाबाहेर उभी होती. ज्या कमरेपायी तिला धड बसता येत नव्हतं, तिच्यावर हात दाबून ती रडली. मला सोडवायला तुला कुणी सांगितलं होतं रे, असं मोठ्यानं विचारून बसली.

शनिवारी किबोई काठी टेकत आला. त्याला कुणी ये म्हटलं नाही. न्दिरांगूनं आधी वकिलांच्या कामाचं सांगितलं. गाथोगोनं मरण्यापूर्वी गुहेची हकीकत लिहून ठेवली होती. खटला त्या हकीकतीवरच उभा राहणार होता. जबान्यांना दुभाषा म्हणून वामाइथाचा मुलगा बसणार होता. वामाइथाचा नवरा गुहेत गेला, तेव्हा हा मुलगा पोटात होता. गाथोगोनंच त्याला शिकवला.

वामाइथा पहिल्या बाकावरून उठली.

"किबोई, माझा माणूस कुणी विकला तेवढं सांग. बाकीचं मी देवाला विचारीन. आज हे ऐकायला आमचा गाथोगो हवा होता."

किबोईनं घसा खाकरला. दाराशी बसलेली न्यागुथी त्याच्या आधी उठली.

"त्याला कशाला विचारता?" ती म्हणाली. "मीच सांगितलं."

वामाइथा तिच्यासमोर आली आणि तिच्या पायांशी थुंकली. न्दिरांगूनं दार उघडून धरलं.

मळ्याच्या वाटेवर किबोईनं तिला गाठलं. मरताना एक खरं बोलायचं होतं, तेही तू काढून घेतलंस, असं रागानं म्हणाला. न्यागुथी चालत राहिली. तोही मागून येत राहिला.

"ठाण्यात आम्ही तुझं काय काय केलं," तो शेवटी म्हणाला. "तरी तू एक नाव दिलं नाहीस. आणि आज, कुणी बोट लावलं नाही तरी..."

"आजही दिलं नाही," न्यागुथी म्हणाली.