शंभरावी ट्यूब

पौडच्या बाजारात सुरैयाच्या विजेच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर विलास सारखा घड्याळ बघत होता. खोक्यात बाद झालेल्या ट्यूब नव्याण्णव. शंभर भरल्याशिवाय खोकं उचलायचं नाही, असं जुन्या ट्यूब मोडीत घेणाऱ्या कारखान्यानं त्याला बजावलेलं.

"पाच मिनिटं थांबा हो दादा," सुरैया तिसऱ्यांदा म्हणाली. तिची लेक मन्तशा जर्मनीत असते. "अम्मी, इथं दुकानादुकानात जुन्या दिव्यांची पेटी ठेवतात," असं तिनं फोनवर ऐकवल्यापासून सुरैया इरेला पेटली होती. पौडातलं भरलेलं खोकं टेम्पोत चढताना लेकीला दाखवायचंच.

तेवढ्यात ताम्हिणीकडून आलेल्या एसटीतून अनसूयाबाई उतरल्या. हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ट्यूब.

"फुटली न्हाई बघ! कंडक्टरनं खिडकीपाशी जागा दिली तिला. मी आले उभ्यानं."

विलासनं खूश होऊन खोकं उघडलं. पण आलेली प्रत्येक ट्यूब पट्टीत लावून बघितल्याशिवाय सुरैयाला चैन पडत नसे. तिनं ट्यूब लावली, बटण दाबलं.

ट्यूब लख्ख पेटली.

बटण दाबलंच नसतं तर बरं झालं असतं, असं सुरैयाला क्षणभर वाटून गेलं. मग तिनं एक नवा स्टार्टर अनसूयाबाईंच्या हातावर ठेवला.

"मावशी, ट्यूब चांगली हाय. तुमचा स्टार्टर गेलाय."

"म्हंजी जिती हाय ही? आन मी पोचवायला घेऊन आले व्हय!" म्हातारी तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"निघतो मी ताई," विलास म्हणाला.

सुरैयानं वर पाहिलं. दुकानातली तिची स्वतःची ट्यूब सहा महिने फडफडत होती. गिऱ्हाइकं चेष्टा करायची आणि ती रोज 'उद्या बदलते' म्हणायची. आज सकाळपासून तर ती फडफडतही नव्हती.

ती स्टुलावर चढली.

"हिला लावून बघायची गरज न्हाई," खाली उतरत ती म्हणाली. शंभर भरले. फोटोत खोकं आलं, सुरैया आली, आणि ट्यूब छातीशी धरून अनसूयाबाईही आल्या.

परतीच्या एसटीत कंडक्टर तोच होता.

"का ओ मावशी, घेतली न्हाई का?"

"जिती निघाली," अनसूयाबाई पायरी चढत म्हणाल्या. "आता दोघींनाबी जागा दे."