ओल्या रस्त्यासाठी

"हे नकोत," वेरेना म्हणाली. "कोरड्या रस्त्यावर काय, कुठलेही टायर चालतात. मला ओल्या रस्त्यावर थांबणारे दाखवा."

अल्विनने हातातला टायर भिंतीशी टेकवला. ईस्टर उलटला की जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला तो अख्खा गाव हिवाळी टायर उतरवून उन्हाळी चढवायला त्याच्या दुकानात यायचा. वेरेनाच्या वडिलांचा तो जुना दोस्त, त्यामुळे तिच्याशी बोलताना त्याच्या जिभेला हाड नसे.

"नवऱ्याला सोडलंस, पण त्याची गाडी काही सुटत नाही तुझ्याच्याने."

"गाडी गेली खड्ड्यात. तिच्या मागच्या सीटवर माझी पोर बसते."

अल्विनने फडक्याला हात पुसले.

कोर्टाने ठरवून दिलं होतं. एकाआड एक शुक्रवारी गीडो यायचा आणि आठ वर्षांच्या फ्रीडाला रविवारपर्यंत घेऊन जायचा. लाल, दोन दारांची, बुटकी गाडी. घाटातल्या वळणांवर ती पळवण्यापुढे त्याला जगात दुसरं सुख नव्हतं. आणि तिचे उन्हाळी टायर इतके जुने की बाजूचं रबर तडकलेलं. शरद ऋतूत वेरेनाने ते पाहिलं, तेव्हापासून हिवाळा संपला की तेच पुन्हा चढणार, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. ती विनवून थकली, भांडून थकली. "अजून एक उन्हाळा आरामात निघेल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी ती म्हणाली, पैसे मी देते. गीडोने लगेच किल्ली काढून दिली. समुद्रावरच्या सुट्टीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते, पण फ्रीडापुढे समुद्राची काय मातब्बरी!

अल्विनने माळ्यावरच्या गोदामातून गीडोची उन्हाळी चाकं खाली आणली. एकाच्या टायरवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"यावर बसवून नेत होता पोरीला?"

"मी कोर्टालाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, गाडीची तपासणी पास आहे ना, मग झालं."

तिला रडू यायला लागलं, आणि गीडोपायी रडू येतं याचाच जास्त राग आला.

अल्विनने तीन टायर समोर मांडले. पहिला चिकट रबराचा, तापल्या रस्त्यावर वळण अगदी घट्ट धरणारा. दुसरा टिकाऊ, वर्षानुवर्षं न झिजणारा. तिसऱ्याच्या नक्षीत खोल चर होते.

"गीडोला विचारशील तर पहिला. मजा येते वळणावर."

"त्याची मजा नकोय मला. पाऊस पडत असेल आणि समोर हरीण आलं, तर गाडी कुठल्या टायरवर आधी थांबेल?"

"तिसऱ्यावर. पण तो लवकर झिजतो, आणि महागही आहे."

"झिजू दे. तोच चढवा."

"त्याने नाक मुरडलं तर?"

"मुरडू दे. फुकटचं आहे म्हटल्यावर मुरडायचा नाही."

ती बाकावर बसून पाहत राहिली. गाडी वर उचलली होती. आज ती लख्ख धुतलेली होती, आतून पॉलिशचा वास येत होता. फ्रीडाने मागच्या काचेवर चिकटवलेला कागदी ससासुद्धा खरवडून काढलेला. बापाला गाडीवर पोरीची खूणही खपत नाही, वेरेनाच्या मनात आलं.

इतक्यात गीडोचा फोन आला.

"झालं का? अल्विनला सांग, उतरवलेली हिवाळी चाकं गोदामात ठेवू नकोस. गाडीतच टाक."

"का?"

"लागतील मला."

"गोदामाचं भाडं वाचवतोस ना? इतकाही हात आखडू नये माणसाने."

"तसं समज. आणि वेरेना, थँक्स हं. खरंच."

लग्नाच्या अकरा वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द तिने क्वचितच ऐकला होता. म्हणजे कुठेतरी लाज आहे अजून, तिला वाटलं.

अल्विनने दोन चाकं डिकीत आणि दोन मागच्या सीटवर कोंबली. "पहिले काही दिवस जपून चालव म्हणावं. नवं रबर आहे."

"ते तुम्हीच सांगा. माझं त्याने कधी ऐकलंय?"

संध्याकाळी बटाट्याचे वडे खाताना फ्रीडा एकदम म्हणाली, "आई, मागच्या वेळी बाबाने टेपने माझं डोकं मोजलं."

"डोकं? कशाला?"

"सांगत नाही म्हणाला. गंमत आहे म्हणे. मला वाटतं, वाढदिवसाचा मुकुट असणार."

"असेल हो राजकन्ये," वेरेना हसली. गीडोबद्दल कौतुकाने हसण्याची वेळ तिच्यावर फार दिवसांनी आली होती. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पुढचा शुक्रवार गीडोचा होता. दुपारपासून पाऊस भुरभुरत होता. एरवी अशा पावसात वेरेनाने दहादा रस्त्याकडे पाहिलं असतं. आज तिने फ्रीडाच्या पिशवीत नाइटड्रेस भरला, कापडी ससा भरला आणि चक्क गुणगुणत कॉफी केली. पडू दे पाऊस. त्याच्यासाठीच तर घेतले होते ते टायर.

फाटकाशी घरघर ऐकू आली. गाडीचा आवाज तिला पाठ होता, आणि हा तो नव्हता. ती फ्रीडाचा हात धरून दारात आली. बाहेर कातडी जॅकेटमधला गीडो उभा होता, त्याच्यामागे नवीकोरी काळी मोटारसायकल.

"गाडी कुठे आहे?"

"विकली की! नवे टायर, वर हिवाळी चाकं सोबत. पहिलाच माणूस घेऊन गेला," गीडो खुशीत म्हणाला. "कधीपासून हिच्यावर डोळा होता माझा. तुझ्यामुळे जमलं बघ."

फ्रीडा वेरेनाच्या हातातून सुटून पुढे धावली.

गीडोने पाठीमागून एक छोटंसं लाल हेल्मेट काढलं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. अगदी मापात बसलं.