कॉलरचं माप

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. दादाच्या गळ्यातली गाठ साधी नव्हती. मऊ ऊतींचा कॅन्सर, लाखांत एखाद्याला होणारा. मी शिलाईचं दुकान उघडं टाकून धावत आलो होतो. टेप अजून मानेभोवती लटकत होती. “सूज कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “महिना झाला असेल,” दादा म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे मापाची वही उघडली. दादाच्या पानावर वर्षभर छाती तेवढीच, कंबर तेवढीच. कॉलर मात्र पंधरा, मग सोळा, मग साडेसोळा. दर खेपेला मीच मोजली होती. “वहिनीच्या हातचं मानवलंय,” म्हणून हसलो होतो, आणि कापड वाढवून कापलं होतं. “शर्टाची कॉलर घट्ट व्हायला लागली, तेव्हाही लक्षात आलं नाही?” डॉक्टर म्हणाले. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “छे हो. माझे सगळे शर्ट हा शिवतो. कॉलर कधी आवळलीच नाही.”