जिन्यावरची तान

“आणखी खाली सोडा, काकू. काकांची होती अगदी तश्शी.”

तरुण नट स्टुलावर उभा होता आणि शिंपीणकाकू त्याच्या पायाशी बसून नोकराच्या विजारीला टाचण्या लावत होत्या. तोंडात चार टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर त्या तोंडातून काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वीचं संगीत विनोदी नाटक नव्या संचात गावोगाव फिरत होतं. उद्या संध्याकाळी त्याचा इथे प्रयोग होता. कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती लागल्या होत्या. त्यांवर ना नायक होता, ना नायिका. डोकं खाली, पाय वर, हातात ट्रे, असा जिन्यावरून गडगडणारा नोकर होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तेच गाणं! तेच पडणं!’ ते पडणं काकूंच्या नवऱ्याचं होतं. काकू तेव्हा त्याच कंपनीत कपडे शिवायच्या.

नोकर चहाचा ट्रे घेऊन गात गात जिना उतरायचा. तिसऱ्या पायरीवर लांब विजार पायात यायची आणि उरलेल्या पायऱ्या तो गडगडत संपवायचा. तान मात्र सोडायचा नाही. खाली आपटला की बसल्या बसल्या समेवर यायचा. पहिल्यांदा हे चुकून झालं. रंगीत तालीम घाईत उरकली होती, विजारीचं माप बघायचं राहून गेलं. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं, वन्समोअर मागितला. वन्समोअर म्हणजे पुन्हा गाणं, आणि पुन्हा गाणं म्हणजे पुन्हा जिना. कधी कधी एका प्रयोगात तीनदा. असे सहाशे प्रयोग झाले.

मग गुडघे गेले. मग कंबर गेली. शेवटची नऊ वर्षं काका पलंगावर होते आणि काकू दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होत्या. तपासायला येणारा डॉक्टरसुद्धा त्याच कमरेवर हात ठेवून म्हणायचा, “काय पडायचे हो तुम्ही! आमच्या वडिलांनी अकरा वेळा पाहिलंय.” काका पडल्या पडल्या हसायचे. काकूंना वाटायचं, या डॉक्टरला एकदा जिन्यावरून ढकलून द्यावं. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, दुसरं काय! काका गेले, त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. अजून कोणीही भेटलं की काकू सांगायच्या, माझा माणूस कंपनीने खाल्ला.

“मुद्दाम पडलं की खोटं दिसतं हो,” नट सांगत होता. “मागच्या गावात एकही माणूस हसला नाही. मालक म्हणाले, मूळची विजार ज्यांनी शिवली त्यांच्याकडेच जा.”

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. “वय काय तुझं?”

“सव्वीस.”

“लग्न?”

“ठरतंय.”

“मग त्या पोरीला आत्ताच सांगून ठेव, बेडपॅन कसं लावतात ते शिकून घे म्हणावं.”

नट हसला. त्याला तो विनोद वाटला. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दात काय काढतोस? सहाशे वेळा हाडं आपटलीत त्या माणसाची! लोक टाळ्या पिटून घरी गेले, जेवले, ढाराढूर झोपले. इकडे तो माणूस कळवळायचा, नि मी शेकायला पाणी तापवत बसायची. एका मेल्याने कधी विचारलं, की बाबा, लागलं का तुला? आणि आता तुम्ही ते पोस्टरवर छापता? लाज नाही वाटत?”

नट स्टुलावरून खाली उतरला. पोरगा वाईट नव्हता. त्याने मान खाली घातली, काकूंना ओरडू दिलं, आणि त्या दमल्यावर खरोखर न समजून विचारलं, “पण काकू, मग काकांनी विजार आखूड का नाही करून घेतली? शिवणारं माणूस तर घरातच होतं.”

चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

“काढ ती विजार,” काकू म्हणाल्या.

पडद्यामागे जाऊन त्याने विजार बदलली आणि आणून दिली. काकूंनी ती टेबलावर पसरली, मोठी कात्री घेतली आणि दोन्ही पाय खालून चांगले चार बोटं कापून टाकले. खूण नाही, माप नाही. खर्रकन.

“अहो काकू!” नट किंचाळला. “उद्या प्रयोग आहे माझा! ते पडणं काढलं तर मी त्या नाटकात कोण आहे? नुसता एक नोकर!”

“हेच,” काकू म्हणाल्या, “हेच मी त्यांना म्हणाले होते.”

नटाला काही कळेना. काकूंनी कात्री टेबलावर ठेवली.

“विजार आखूड करायला तेव्हाच्या मालकांची ना नव्हती रे. रोज विजार चढवताना हे मला म्हणायचे, ‘अगं, आज तरी थोडी वर घे.’ मीच घेतली नाही.”