सोळाव्या पानापुढं

हिंगोलीच्या कचेरीतले पेशकार त्र्यंबकराव गेली बारा वर्षं ओसरीवर मित्रांना तत्त्वज्ञान सांगत आणि त्यांची पत्नी द्वारका आतून ऐकत असे. एका रविवारी तिनं मनाचा हिय्या केला.

"अहो, मलाही वाचायचंय. सुरुवात कुठून करू?"

त्र्यंबकराव कौतुकानं हसले. पुण्याहून टपालानं मागवलेला आपला लाडका जाडजूड ग्रंथ त्यांनी तिच्या हाती दिला.

"पहिल्या पानापासून. अडलं तर मला विचार."

आठवड्यानं ती हिरमुसून समोर आली.

"सोळा पानं झाली. पुढं वाचायचा माझा अधिकार दिसत न्हाई."

"कोण म्हणतं?"

"ग्रंथच म्हणून राहिला. पुढची पानं कडेनं जोडलेली आहेत. अधिकारी माणसालाच ती उघडत असतील."

"अगं वेडे, छापखान्यातून ती तशीच येतात. वाचणारा सुरीनं कापत पुढं जातो."

"मग तुम्ही काहून कापली न्हाईत?"

त्र्यंबकरावांचे कान लाल झाले. हळूच सरकून त्यांनी सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली.

"सुरी घेऊन ये, द्वारके. इथून पुढं मीही तुझ्याइतकाच नवा आहे."