डाव्या खिडकीची जागा

अजेयचे त्या दिवशी तीन फायदे होणार होते, आणि ते त्याने देवासहून धारला येणाऱ्या बसमध्येच बोटांवर मोजून ठेवले होते. पहिला, बळवंतरावांच्या ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपचं इन्चार्जपद. दुसरा, वर्कशॉपमागची पंख्याची खोली. तिसरा फुकटचा. इथला इन्चार्ज म्हणे दुरुस्त केलेल्या गाडीत डाव्या खिडकीशी बसून कुक्षीपर्यंत वारा खात जातो आणि बसने परत येतो. म्हातारे मालोजी वीस वर्षं ही चैन करत आले होते. त्यांची फुलाफुलांची उशीसुद्धा गाडीगाडीतून हिंडायची.

देवासच्या कारखान्याने त्याला घरी बसवून चार महिने झाले होते. बायकोचे, ऋजुताचे, सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. तिने तर भांडीही बांधायला घेतली होती.

अट एकच. एका ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाचं, आतलं ग्रीस अडवणारं सील गळत होतं, ते चारच्या आत थांबवायचं. सिमेंट भरून उभी असलेली ती गाडी उजेडात कुक्षीच्या वाटेवरचा घाट उतरायला हवी होती.

याआधी दोन जण असेच येऊन गेले होते. दोघांनी काम केलं आणि दोघेही त्याच संध्याकाळी नाहीसे झाले. म्हाताऱ्याने छळलं असणार, अजेयने ताडलं. वीस वर्षांची खुर्ची कोण सुखासुखी सोडतो?

म्हातारा तर स्टुलावर बसूनच होता. धुतलेला सदरा, मांडीवर उशी, पायाशी फुगलेली कापडी पिशवी.

"साडेचारची बस आहे," मालोजी म्हणाले. "लेकीकडे जातोय, सोनकच्छला. कायमचा."

"जा की काका, कुणी अडवलंय?" अजेय म्हणाला. मनात म्हणाला, जाणारा माणूस असा नजर लावून बसत नाही.

चाक उतरलं, त्याच्या मधला हब निघाला. आतून सगळं ग्रीसने माखलेलं. दोन महिन्यांत हे तिसरं सील होतं. अजेयने जुनं सील बाजूला टाकलं आणि ते जिथे घासतं त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

"सीलचा दोष नाही काका. एक्सललाच चर पडलाय. नवं सील त्याच चरावर बसवलं की आठ दिवसांत परत गळणार."

"मग?"

"दोन सूत अलीकडे बसवतो. सीलचा ओठ कोऱ्या लोखंडावर येईल."

मालोजींचा चेहरा एकदम उजळला. "शाबास! हे त्या दोघांना नाही सुचलं."

अजेयला बरं वाटलं. पण बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण मग त्याने ब्रेकचे लायनर, ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, पाहिले. ग्रीस पिऊन पिऊन ते काळे पडले होते. नवे लायनर बाकावर खोक्यात होते, पण जुने काढून नवे रिव्हेट ठोकून बसवायचे म्हणजे दीड तास. घड्याळात दोन वाजत होते. अजून बेरिंग धुवायचं, ग्रीस भरायचं, हब चढवायचा, चाक लावायचं.

मालोजी जेवायला उठले. अजेयने खोकं बाकाखाली सारलं, लायनर पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले. वरून कोरडेठाक. गरम झाले की आत मुरलेलं ग्रीस वर येतं आणि ब्रेक धरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते घाटात. इथे नाही.

मालोजी परतले तेव्हा ड्रम चढला होता.

"लायनर बदललेस?"

"बदलले."

"रिव्हेटचा आवाज नाही आला."

"तुम्ही जेवत होतात, काका."

"नवेच ना? बघ हं बाळा."

"नवेच!" अजेय खेकसला. घाम पुसताना गालाला ग्रीस लागलं. म्हाताऱ्याला काही तरी खोट काढायचीच होती.

चारला दहा कमी असताना बळवंतराव आले. चाकाभोवती बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"वा भिया! झालं तुझं. आजपासून इन्चार्ज." त्यांनी खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

मालोजी उठले. गुडघे कुरकुरले. दोन्ही हातांनी त्यांनी उशी पुढे केली. "घे. घाटात फार आदळतं."

अजेयला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. उगीच संशय घेतला बिचाऱ्याचा. त्याने उशी घेतली आणि ऋजुताला फोन लावायला खिशात हात घातला.

ड्रायव्हर पीयूषने डावीकडचं दार उघडलं. "चलो उस्ताद."

"आज नको यार. सैर उद्यापासून."

"सैर?" बळवंतराव हसले. "भिया, ज्याने चाक बसवलं तो त्याच गाडीतून पहिला घाट उतरतो. इथली रीतच आहे. वीस वर्षं मालोजी उतरले."

अजेयने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "हे... आधी नाही बोललात."

"आधी बोललो तर चाक कोण कसं बसवतो ते कसं कळणार?"

"और उस्ताद," पीयूष म्हणाला, "पानी पीने मत जाना. पहले वाले दोनों गये थे, अब तक नहीं लौटे."

कुणी हसलं नाही. चाक चकचकत होतं. डाव्या खिडकीची जागा बरोबर त्याच्यावर होती. मालोजी पिशवी उचलून, एक पाय वर्कशॉपबाहेर टाकून उभे होते आणि अजेयकडे पाहत होते.

"काका," अजेय म्हणाला, "चाकाचा पाना द्या. आणि बाकाखालचं खोकं."

मालोजींनी पिशवी खिळ्याला अडकवली, पाना आणि खोकं दिलं आणि उशी परत घेतली.