दोन बोटं, तीन बोटं

"हात लावू नकोस मला," सेवेरो म्हणाला आणि मुलीनं पुढे केलेला ऑक्सिजनचा मास्क त्यानं झिडकारला.

बोटीवर नऊ माणसं होती. सगळी ऐकत होती. अजून कुणाच्याही अंगावरचं पाणी वाळलं नव्हतं.

"एकतीस वर्षं समुद्रातल्या या विवरात, या ब्लू होलमध्ये उतरतोय मी. तुझा जन्मही नव्हता तेव्हापासून. आणि आज तू मला पट्ट्याला धरून वर ओढतेस? पाहुण्यांदेखत? मांजरीनं पिल्लू उचलावं तसं?"

नेरीनं मान खाली घातली. शिकाऊ म्हणून तिची ही शेवटची डुबकी होती. मुख्य गाइडनं, म्हणजे बापानंच, होकार दिला की उद्यापासून ती गाइड. दोन वर्षं तिनं याच बोटीवर हवेच्या टाक्या वाहिल्या होत्या, पर्यटकांच्या ओकाऱ्या धुतल्या होत्या, त्या एका होकारासाठी.

कप्तान मोंचो वही मांडीवर घेऊन सुकाणूपाशी बसला होता. "झालं काय नेमकं?"

"काय व्हायचंय? घाबरली. चाळीस मीटरवर, दगडी खांबांपाशी, हॉलंडच्या बाईंना घेऊन मी निवांत उभा. ही आली, दोन बोटं दाखवली. मी तीन दाखवली. तरी धरलं मला आणि सुटली वर."

खोल पाण्यात दारूसारखी धुंदी चढते, आणि ज्याला चढते त्याला ती कळत नाही. म्हणून ही रीत. एकानं जितकी बोटं दाखवावी, त्याहून एक जास्त दुसऱ्यानं दाखवायचं. चुकलं तर समजावं, डोकं ठिकाणावर नाही.

"खरं का गं, नेरी?" मोंचोनं विचारलं. बाकीची मंडळी दुसऱ्या गाइडबरोबर पलीकडच्या कड्याला होती. हॉलंडच्या पाहुणीला या खुणा कुठून कळणार; नेरीशिवाय विचारायला दुसरं कुणी नव्हतंच.

नेरी बापाकडे वळली. मग फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "पप्पा, मनगटावरचं खोलीचं यंत्र बघा ना एकदा. मग काय ते बोला."

"आता ही मला खोली मोजायला शिकवणार," सेवेरो मोठ्यानं म्हणाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. "मोंचो, फुली मार तिच्या नावावर."

"अरे, पोटची पोर आहे."

"म्हणूनच. जिला स्वतःची भीती आवरत नाही, ती लोकांचे जीव काय सांभाळणार?"

नेरी उठली आणि राजमा-भाताबरोबर द्यायचं कलिंगड चिरायला बसली.

मोंचोनं इंजिन सुरू केलं. त्या घरघरीत हॉलंडची हेंड्रिकाबाई बाकावरून सरकत सेवेरोजवळ आली. साठी उलटलेली बाई, पण डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"तिला रागावू नका हो. माझ्यासाठी किती केलंत तुम्ही. सगळे म्हणे खांबांपाशीच थांबतात. मला तुम्ही थेट खाली नेलंत. ते खांब वर छताला लटकल्यासारखे दिसत होते. पोरगी येऊन दोन बोटं दाखवत होती, तुम्हीही हसत हसत दोनच दाखवत होतात. तीनदा. मला वाटलं, मजेची खूण असेल. मग मीही दाखवली." तिनं कौतुकानं स्वतःचं मनगट पुढे केलं. "हे बघा ना. घरी कुणाला खरं वाटणार नाही."

यंत्रावर सर्वांत खोल गेल्याचा आकडा होता अठ्ठावन्न मीटर.

सेवेरोनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथंही अठ्ठावन्न.

समोर नेरीची सुरी थांबली होती. ती त्याच्या मनगटाकडेच बघत होती. तो आकडा तिला केव्हाचा ठाऊक होता.

मोंचोनं पेनाचं टोपण काढलं. "शेवटचं विचारतो, सेवेरो. मारू फुली?"

सेवेरोनं अंगात घातलेल्या सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली.

"मार," तो म्हणाला.